मुकं पाणी आणि झेच्काचे डोळे

झेच्का आणि मी कित्येक वर्षं एकमेकींचा हात धरून नाचत आलो, आणि एवढ्या वर्षांत एकमेकींशी धड चार शब्द बोललो नाही. होरो नाचायला बोलावं लागत नाही. सगळ्या बायका हातात हात घालून एका रांगेत उभ्या राहतात आणि टोकाची बाई नेईल तिकडे रांग जाते. टोकाची बाई मी. उजव्या हातात लाल रुमाल, डाव्या हातात झेच्काचा हात. मी वळले की रांग वळते, मी थांबले की थांबते, आणि हेच झेच्काला कधी पाहवलं नाही. तिचं केसांचं सलून आहे, नखं लांब. ती नखं माझ्या तळव्यात रुतवत तिनं वर्षं काढली. मीही काही गरीब गाय नाही. प्रत्येक उडीला माझी टाच तिच्या चवड्यावर एकदा तरी पडेल एवढं मी बघत आले.

मला ती आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हाही आवडत नव्हती. तोंडावर साखर, पाठ वळली की कात्री. मी केस कापायला शेजारच्या गावी जाते. तिच्या हातात वस्तरा आणि माझी मान, हा योग मला जुळवून आणायचा नाही.

आमचा नाचाचा गट गावच्या वाचनालयात जमतो. आमच्याकडे वाचनालयात पुस्तकं कमी आणि नाच जास्त. मास्तरांचं नाव गोस्पोदिन मातेव्ह. तरुणपणी ते राजधानीत, सोफियाच्या मोठ्या पथकात नाचलेत, आणि ते आम्ही विसरू नये याची ते काळजी घेतात. त्यांचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: अंगावर पारंपरिक पोशाख असताना नाकावर चष्मा चालणार नाही. "चष्मा घातलेली एक पणजी मला जुन्या फोटोत दाखवा," असं ते म्हणतात. पणज्या ठेचकाळत होत्या, ते फोटोत येत नाही. आणि हे पन्नाशीच्या बायकांना सांगणारा माणूस स्वतः वाचायचा चष्मा गळ्यात अडकवून फिरतो.

गटातल्या निम्म्या बायका काही न दिसताच नाचतात. त्यांचं काय, शेजारणीचा हात धरला की भागलं. टोकाच्या बाईचं तसं नाही. तिला कुरणातला खड्डा दिसावा लागतो, ढोलवाल्याची मान दिसावी लागते. माझा नंबर मायनस नऊ. चष्मा काढला की समोर माणूस आहे की खांब हे तो बोलेपर्यंत कळत नाही, आणि आमच्या गावातल्या काहींचं तर बोलल्यावरही कळत नाही. म्हणून मी लेन्स घालते. झेच्काचं म्हणणं, तिनं सोफियाला जाऊन लेझर करून घेतलंय आणि आता तिला घारीसारखं दिसतं. सलूनच्या खुर्चीत बसलेली बाई हे ऐकल्याशिवाय उठत नाही.

माझी बेकरी आहे. पहाटे भट्टी पेटवायची आणि लोक कामाला निघायच्या आत चीज भरलेली गरम बानित्सा काउंटरवर मांडायची. लेन्स पहाटेच डोळ्यांत जायची आणि झोपताना निघायची. भट्टीची धग, हवेत उडणारं पीठ, आणि वय. आधी दुपारी डोळे चुरचुरायचे, मग सकाळपासूनच. पापण्यांच्या कडा लाल, उठल्यावर चिकटलेल्या, आणि लेन्समधून बघावं तर जग धुरकट. औषधाच्या दुकानात मिळतील ते थेंब आणून मी ओतत राहिले. लेन्स मात्र काढली नाही.

मग मे महिन्यात, संत गेओर्गीच्या सणाला, भर चौकात उजव्या डोळ्यातली लेन्स सुकून सरकली आणि पापणीखाली जाऊन बसली. डाव्या डोळ्याला धार लागली. मी ढोलाच्या आवाजावर अंदाजानं रांग वळवली ती थेट नगराध्यक्षांच्या टेबलावर. भाजलेलं कोकरू ताटासकट खाली गेलं, त्याच्यामागे मी, आणि माझ्यामागे सगळ्या बायका.

झेच्का हसली नाही. तिनं त्याहून वाईट केलं. मला दंडाला धरून बाकावर नेऊन बसवलं आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बस हं, मिन्का. वय झालं की होतं असं."

आम्ही दोघी एकाच वर्षाच्या. त्यातही मी धाकटी.

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. जूनच्या शेवटी येन्योव्हदेनचा सण. त्या दिवशी जिल्ह्याची स्पर्धा यंदा आमच्याच कुरणावर होती आणि परीक्षक सोफियाहून येणार होते. तोवर माझे डोळे नीट झाले तर टोकाची जागा माझी. नाही तर रुमाल झेच्काकडे. झेच्का तिथंच उभी होती, आणि आयत्या बिळावरचा नागोबा कसा डोलतो ते मला तेव्हा बघायला मिळालं.

एवढ्याशा रुमालासाठी काय जीव टाकायचा, असं कुणालाही वाटेल. माझा नवरा त्रेंदाफिल तेच म्हणतो. पण दिवसभर मी पीठ मळते, गिऱ्हाइकाचं ऐकते, भट्टीचं ऐकते, घरी आले की त्याचं ऐकते. वाचनालयाच्या हॉलमध्ये मात्र मी नेईन तिकडे सगळे येतात. माझ्या आयुष्यात दुसरी अशी जागा नाही, आणि ती मी सुखासुखी सोडणार नव्हते.

गावात बोभाटा नको म्हणून मी स्तारा झागोराला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेरच्या खोलीचं दार उघडते तर समोर झेच्का, मासिकात तोंड खुपसून बसलेली. मासिक तिनं नाकाला इतकं चिकटवून धरलं होतं की घारीसारखं दिसणारी बाई तसं धरणार नाही. मी मावशीला घेऊन आलेय, ती म्हणाली. मी म्हटलं, मीही. दोघींच्या मावश्या कधीच्या देवाघरी गेलेल्या, आणि दोघी एकमेकींच्या मावशीच्या मयताला जाऊन आलेल्या. तेवढ्यात नर्सनं दार उघडून झेच्काचं नाव पुकारलं आणि विचारलं, लेन्सची डबी आणलीय ना?

झेच्का उठली. "हे तू कुणाला सांगितलंस तर," एवढंच म्हणाली, आणि पुढची धमकी तिला सुचली नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यात माझा चांगुलपणा शोधू नये. हातात हुकमाचा एक्का असला की तो कुणी उगाच टाकत नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याहून तापट निघाल्या. त्यांनी माझी खालची पापणी बोटानं दाबली आणि मला आरशात बघायला लावलं. पापणीच्या कडेच्या बारीक भोकांतून टूथपेस्टसारखा पांढरा लगदा बाहेर येत होता. तिथून पातळ तेल यायला हवं, त्या म्हणाल्या. पापण्यांत तेलाच्या ग्रंथी असतात. ते तेल अश्रूंवर पसरतं म्हणून डोळा ओला राहतो. तुमचं तेल थिजलंय, भोकं बुजलीत, आणि असल्या सुक्या डोळ्यांवर तुम्ही दिवसभर लेन्स चढवून भट्टीपुढे उभ्या राहता. मी म्हटलं, सुके कसे, माझ्या डोळ्यांतून तर धारा लागतात. त्या म्हणाल्या, सुकलेला डोळाच रडतो, पण त्या पाण्यात तेल नसतं, ते टिकत नाही. मग हुकूम सुटले. आधी तीन आठवडे लेन्स बंद. सकाळ-संध्याकाळ गरम शेक, शेकानं तेल पातळ झालं की बोटानं पापणी हलकेच कडेच्या दिशेनं दाबायची, मग कडा स्वच्छ पुसायच्या. थेंब त्या लिहून देतील तेच. नंतर लेन्स घालायची ती रोज नवी, वापरून फेकून द्यायची, आणि घालायची ती फक्त नाचापुरती, भट्टीपुढे नाही.

मी निघाले तर त्यांनी परत बसवलं.

"आणि एक. लेन्स डोळ्यात असताना डोळ्याला पाणी लागता कामा नये. नळाचं नाही, नदीचं नाही, आणि तुमच्याकडच्या त्या पवित्र झऱ्याचं तर मुळीच नाही. पाण्यात एक जीव असतो, नजरेला न दिसणारा. तो लेन्सखाली अडकला की बुबुळ खातो. सुक्या डोळ्यावर ओरखडे असतातच, त्याला आत शिरायला आयतं दार. तुमच्याच भागातल्या एका बाईचा डोळा गेलाय. मी हे सगळ्यांना सांगते, आणि सगळे मलाच समजावतात की आमचा झरा तर डोळ्यांसाठीच आहे."

मी सगळं केलं. एका जुन्या मोज्यात गहू भरून तो भट्टीच्या तोंडाशी गरम करायचा, आधी मनगटावर लावून बघायचा आणि मग डोळ्यांवर ठेवून गप्प पडायचं. त्रेंदाफिल येता-जाता विचारायचा, आज आधी काय भाजतेस, पाव की डोळे? शेजारणींना कुणकुण लागली, तशा एकेक जणी कॅमोमाइलच्या फुलांचा काढा घेऊन आल्या. आमच्याकडे डोळ्याला काही झालं की सगळ्या गावाचं हे एकच औषध, पायाला झालं तरी तेच. मी प्रत्येकीला धन्यवाद दिले आणि काढा कुंडीला घातला. पहिला आठवडा काही फरक नाही. पापण्या दाबून दाबून दुखायला लागल्या. मग एका सकाळी डोळे चिकटलेले नव्हते. मग लगदा जाऊन पातळ तेल यायला लागलं, आणि कितीतरी महिन्यांनी मी डोळे मिटले तेव्हा आत वाळू नव्हती.

पण तोवर तालमीत मी चष्मा लावून नाचत होते, आणि मास्तरांनी चष्म्याला रांगेच्या शेवटी नेऊन ठेवलं होतं. रुमाल झेच्काच्या हातात. ती तो असा फिरवायची की जणू माश्या हाकलतेय. मी शेपटाला. शेपटाला एक बरं असतं, रांग गोल वळली की शेपूट बरोबर डोक्यासमोर येतं. मला ती दर तालमीला समोरून दिसायची. तिचे डोळे लाल होते. ती फार वेळ पापणी लववायची नाही, आणि लववली की कपाळाला आठ्या पडायच्या. दिवसभर सलूनमध्ये ड्रायरची गरम हवा, केसांवर मारायचा फवारा, आणि डोळ्यांत लेन्स. डॉक्टरीणबाईंनी तिलाही तेच सांगितलं असणार. पण ती चष्मा कसा लावणार? लावला की लेझरचं पितळ उघडं.

शेवटच्या तालमीला मी लेन्स घालून गेले. डोळे स्वच्छ, चपळ, मला ढोलवाल्याच्या नाकावरचा तीळ दिसत होता. मी मास्तरांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, झाले डोळे नीट, माझी जागा द्या. मास्तरांनी खाली बघितलं. रांगेला आता झेच्काची सवय झालीय, म्हणाले, ऐन वेळी बदल नको. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. ते म्हणाले, शब्दापेक्षा गट मोठा. बायका बुटांच्या नाड्या बांधत राहिल्या. मला तेव्हा इतका संताप आला की घरी येईपर्यंत मी कुणाच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. त्रेंदाफिल म्हणाला, सोड तो गट. मी म्हटलं, सोडून तिला मोकळं रान देऊ?

येन्योव्हदेनला आमच्याकडे बायका सूर्य उगवायच्या आत औषधी झाडपाला तोडतात आणि झऱ्यावरून मुकं पाणी आणतात. मुकं म्हणजे, भरल्यापासून डोळ्यांना लावेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. बोललं की पाणी बाटलं, ते ओतून द्यायचं, आणि सूर्य वर आला की दुसरं आणता येत नाही. मास्तरांनी स्पर्धेसाठी सगळा नाच यावर बसवला होता. टोकाच्या बाईनं कावडीला तांब्याच्या बादल्या लावून पाणी आणायचं, रांगेनं मागोमाग चालायचं. कुरणावर पोचलं की टोकाच्या बाईनं पहिल्यांदा ओंजळीत पाणी घेऊन उघड्या डोळ्यांवर तीनदा मारायचं, मग बाकीच्यांनी, आणि शेवटच्या बाईचं होताच ढोल. तालमीत बादल्या रिकाम्या असायच्या, सगळा खोटा खेळ. म्हणून खरं पाणी लेन्सवर पडणार हे त्या पहाटेपर्यंत मला सुचलंच नव्हतं.

कुरणावर दव होतं. परीक्षक टेबलामागे कोट पांघरून बसले होते, गावकरी दोरीपलीकडे. आम्ही झऱ्यावरून आलो ते एकही शब्द न बोलता. खोकला आला तर बायका पदरात, म्हणजे ॲप्रनमध्ये, तोंड खुपसत होत्या. रांग गोल वळली, मी शेपटाला, आणि बरोबर समोर झेच्का. तिनं कावड उतरवली. तिचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते, आणि पहाटेच्या तिरप्या उजेडात डाव्या बुबुळावर लेन्सची कड मला स्पष्ट दिसली. माझ्या स्वतःच्या डोळ्यांतही लेन्स होती, पण शेवटच्या बाईकडे कुणी बघत नाही, मी कपाळाला बोट लावून सोडणार होते. पहिल्या बाईकडे सगळे बघतात.

ती वाकली आणि थांबली. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या कुरणावर तिच्या डोळ्यांत काय आहे हे ठाऊक असलेलं दुसरं कुणी नव्हतं. ती घाबरली होती.

मला फक्त गप्प राहायचं होतं. सगळेच गप्प होते, तो तर नियम. सुंठीवाचून खोकला जात होता. आणि मला ते हवंसं वाटलं, हे मी लपवत नाही. एक क्षण मनापासून वाटलं की जाऊ दे तिचा डोळा, घाल म्हणावं आता रुमाल गळ्यात. मग मला दिसलं की डोळा गेलेली झेच्का गावातून चाललीय आणि सगळं गाव म्हणतंय, बिचारी. मीही म्हणतेय. जन्मभर तिची कीव करायची, तिच्याशी गोड बोलायचं, तिच्या चवड्यावर पाय द्यायचा नाही. ते मला झेपलं नसतं. मला ती धडधाकट हवी होती.

"झेच्का," मी म्हटलं, "पाणी लावू नकोस. आधी लेन्स काढ."

एवढ्या शांततेत ते चर्चच्या घंटेसारखं वाजलं. मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. टेबलामागच्या एका परीक्षकानं पेन खाली ठेवलं.

झेच्का सरळ झाली. क्षणभर मला वाटलं, सुटली एकदाची. पण दोरीपलीकडे सलूनची सगळी गिऱ्हाइकं उभी होती. "कसली लेन्स?" ती म्हणाली. "माझं लेझर झालंय, सगळ्यांना माहीत आहे. मिन्काला माझी जागा हवीय, दुसरं काही नाही." आणि आपल्या डोळ्यांत काही नाही हे दाखवायला तिनं खाली वाकून ओंजळ भरली.

मी हात सोडून धावले. तिच्या मनगटांवर फटका मारला, पाणी तिच्या छातीवर गेलं. ती पुन्हा बादलीकडे वळली, तेव्हा मी बादलीला लाथ मारली आणि मग दुसऱ्या बादलीला. पाणी गवतातून वाहत परीक्षकांच्या बुटांपर्यंत गेलं. तेवढ्यात टेकडीवरून सूर्य आला, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

आमचा गट बाद झाला. मी मास्तरांना म्हटलं, तिचे डोळे तपासा, आत्ता, इथंच. पण झेच्का रडत होती, चार बायका तिला मिठीत घेऊन उभ्या होत्या, आणि रडणाऱ्या बाईची पापणी कोण वर करणार? शेवटी मास्तर म्हणाले, "झेच्का स्वतः म्हणाली की लेन्स होती, तर परत ये. तोवर वाचनालयाच्या पायरीवर पाऊल टाकू नकोस."

बायका बेकरीत येत राहिल्या, बानित्सा कुणाला सुटत नाही. पण बोट दाखवून मागायच्या आणि सुट्टे पैसे उचलून निघून जायच्या. मत्सरानं आंधळी झाली, असं माझ्याबद्दल गावात बोलत होते. त्रेंदाफिलनं विचारलं, खरंच तिच्या डोळ्यात लेन्स होती का? त्या दिवशी मी त्याला जेवण वाढलं नाही.

नंतर एका दुपारी मी दुकान बंद करत होते तेव्हा झेच्का मागच्या दारानं आली. काळा गॉगल लावलेला, आणि त्याखाली, मी नीट बघितलं, जाड काचांचा चष्मा. एकावर एक. सलूनला दोनचार दिवस कुलूपच होतं, रजा म्हणून पाटी लावलेली. ती उभीच राहिली. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले, म्हणाली. डाव्या बुबुळावर ओरखडेच ओरखडे निघाले. लेन्स महिनाभर बंद. आणि त्या पाण्याचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या होत्या.

"ते तू माझ्यासाठी केलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"मला वाटलंच."

तरी ती जाईना. मग भिंतीकडे बघत तिनं सांगितलं की तो शेक आणि ते दाबणं तिला जमत नाही. फडकं लगेच गार होतं, दाबलं की दुखतं, आणि बाहेर काहीच येत नाही. तिला घरी मदतीला कुणी नाही, हे तिनं सांगितलं नाही, ते सगळ्या गावाला माहीत आहे.

मी तिला पिठाच्या पोत्यावर बसवलं. हात साबणानं धुतले. भट्टीत धग होती, गव्हाचा मोजा गरम केला, तिच्या मनगटाला लावून विचारलं, चटका बसतो का, आणि डोळ्यांवर ठेवला. चष्म्याशिवाय, मोजा डोळ्यांवर घेऊन ती म्हातारी दिसत होती, म्हणजे मीही तशीच दिसत असणार. मोजा काढला आणि तिची डाव्या डोळ्याची पापणी धरली. मी बोट हळूहळू कडेकडे आणलं, डॉक्टरीणबाईंनी माझ्या पापणीवर आणलं होतं तसं, आणि लगदा बाहेर आला. तो मी कापसानं पुसला आणि तिला दाखवला. "हा बघ. एवढं दाबायचं, याहून जास्त नाही."

तिनं मान हलवली. डोळ्याला जरा बरं वाटलं असावं, कारण तिचे खांदे खाली आले.

"मास्तरांना खरं सांगशील?" मी विचारलं.

माझं बोट तिच्या गालावर होतं, गाल गरम होता. गावासमोर एकदा खोटी पडली की तिच्या खुर्चीत कोण बसणार, हे मलाही कळत होतं.

"नाही," झेच्का म्हणाली.

मग मी तिची दुसरी पापणी धरली आणि दाबली. हवं होतं त्याहून जरा जोरात.